स्त्रीवादी आणि क्विअर सिद्धांताने कविता वाचताना 'एकत्वा'चे काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की स्त्रीवादी सिद्धांत आणि लिंग व लैंगिकतेचे ठरीव साचे तपासणारा क्विअर सिद्धांत हे दोन्ही भेदाकडे बोट दाखवतात, आपली संतकविता मात्र 'अवघे एक' म्हणते. मग एकाच निबंधात दोन्हींची सांगड कशी घालावी? अमरावती जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो आणि थोड्याफार फरकाने हाच प्रश्न आमच्या वर्गातही निघतो. माझ्या मते कवितेत एकत्व आले की ते कोण मागते आहे आणि त्यासाठी कोणाला काय सोडावे लागते, हे आधी पाहावे.

सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' हा अभंग घ्या. आमच्याकडे काकड्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत तो सर्वत्र गायला जातो, आणि बहुतेकांना तो नुसता आनंदाचा वाटतो. पण ज्यांचे जन्मगाव परंपरेने बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा मानले जाते, त्या चोखोबांच्या या पत्नी. जातीमुळे त्यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता. 'मी तूंपण गेले वाया' ही ओळ गाभाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाने म्हणणे आणि पायरीबाहेर ठेवलेल्या बाईने म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. त्याच सोयराबाई दुसऱ्या अभंगात 'देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म' असे विचारतात आणि विटाळावाचून कोणता देह जन्मला, हा प्रश्न थेट उत्पत्तीच्या स्थानापर्यंत नेतात. जातीचा विटाळ आणि बाईच्या देहाचा विटाळ त्या एकाच युक्तिवादात पकडतात. हे दोन अभंग शेजारी ठेवले की पहिल्यातला एक झालेला रंग भेद विसरल्याचा राहत नाही; तो भेद करणाऱ्यांना दिलेला जबाब ठरतो.

क्विअर वाचनाकडे वळताना विद्यार्थी पहिली घाई करतात ती कवीला लैंगिक ओळखीचे एखादे आधुनिक नाव चिकटवण्याची. ती टाळावी. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत, म्हणजे विरहात तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडच्या अभंगात, 'चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी' अशी तक्रार करणारी स्त्री बोलते, आणि आमच्या भजनी मंडळात भरघोस मिशांचे शेतकरी मृदंगाच्या साथीवर ती तल्लीन होऊन गातात; त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कवी कोण होता यापेक्षा, पुरुषाच्या तोंडी स्त्रीची इच्छा इतकी सहज कशी मान्य होते आणि कुठे ती मान्य होत नाही, हे विचारणे अधिक फलदायी आहे. कारण 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' असे म्हणणाऱ्या जनाबाईंना त्याच अभंगात 'वेसवा' (वेश्या) हा शब्द स्वतःवर ओढून घ्यावा लागतो. पुरुषाने चोळी घातली तर ती भक्ती. बाईने पदर ढळू दिला तर तिची किंमत तिनेच बोलून मोजायची! हा फरक स्त्रीवादाशिवाय दिसत नाही, म्हणून मला दोन्ही दृष्टी एकत्र हव्या असतात.

विदर्भातले सर्वांत विलक्षण उदाहरण गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५). बालपणीच दृष्टी गेलेले, विवाहित असलेले हे संत स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णाची पत्नी मानत आणि कुंकू-मंगळसूत्र धारण करत. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये मांडले की लिंगभाव हा आत दडलेला गाभा नसून पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून घडतो. महाराजांचे उदाहरण त्या मांडणीशेजारी ठेवण्याजोगे आहे. मात्र महाराजांसाठी ते व्रत होते, सामाजिक बंड नव्हे, आणि हे न सांगणारा निबंध अप्रामाणिक ठरेल. त्यांच्या 'मधुराद्वैत' या तत्त्वज्ञानात अद्वैत मान्य करूनही प्रेमासाठी भक्त आणि देव हे नाते राखलेले आहे. सगळे भेद गिळून टाकणाऱ्या एकत्वापेक्षा हे वेगळे आहे, आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर मला इथेच सापडते.

निबंधासाठी सोयराबाईंचे दोन अभंग, जनाबाईंचा एक आणि एखादी विरहिणी एवढे पुरे. भुलाबाईची गाणी जोडण्याचा मोह होईल, पण सासर-माहेराचा तो स्वतंत्र विषय आहे. अभंगांचे पाठ गाथेगणिक बदलतात, तेव्हा कोणती गाथा वापरली ते सुरुवातीलाच नोंदवावे, विशेषतः जिथे आपला सगळा अर्थ एका क्रियापदावर उभा असेल तिथे.