पाओलो माल्दिनी यांची बचावपटू म्हणून कारकीर्द कशी होती?

इटलीचे फुटबॉलपटू माल्दिनी यांनी आपली संपूर्ण क्लब कारकीर्द एसी मिलान या एकाच इटालियन संघात घडवली. २० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते उदिनेसे या संघाविरुद्ध प्रथम मैदानात उतरले आणि २००९ साली निवृत्त होईपर्यंत मिलानसाठी तब्बल ९०२ सामने खेळले. मूळचे उजव्या पायाचे असूनही त्यांनी डावी बाजू वर्षानुवर्षे समर्थपणे सांभाळली. १९९४ साली अथेन्समध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिलानचे मधल्या फळीतील बचावपटू बारेसी आणि कोस्ताकुर्ता हे दोघेही निलंबित असल्यामुळे त्यांना बचावफळीच्या मध्यभागी खेळावे लागले, तरीही मिलानने बार्सिलोनाला ४-० असे नमवले. माझ्या मते त्यांची खरी थोरवी याच सामन्यात दिसते. वडील चेझारे यांनी १९६३ साली इंग्लंडमध्ये मिलानचे कर्णधार म्हणून युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचे तेव्हाचे नाव) उंचावला होता, आणि बरोबर चाळीस वर्षांनी मुलानेही कर्णधार म्हणून तो इंग्लंडमध्येच उंचावला. ही स्पर्धा त्यांनी एकूण पाच वेळा जिंकली. इटलीकडून १२६ सामने खेळूनही विश्वचषक मात्र त्यांना लाभला नाही: १९९४ चा अंतिम सामना पेनल्टींवर निसटला आणि २००६ साली इटली जगज्जेता झाला, तेव्हा त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडून चार वर्षे झाली होती.