पौर्णिमेच्या चंद्रावर खालच्या बाजूला जो चकचकीत ठिपका आणि त्यातून निघणारे पांढरे पट्टे दिसतात, ते काय आहे?

ते टायको विवर, म्हणजे अवकाशातला खडक चंद्रावर आदळून पडलेला मोठा खड्डा. सतराव्या शतकात इटालियन खगोलशास्त्रज्ञ रिचिओलीने डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याचं नाव त्याला दिलं. व्यास साधारण ८५ किलोमीटर, खोली साडेचार किलोमीटरच्या वर.

ते इतकं उठून दिसतं कारण ते चंद्राच्या मानाने कोवळं आहे. अपोलो १७ मोहिमेने चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांवरून त्याचं वय सुमारे १०.८ कोटी वर्षं धरतात, म्हणजे ती धडक बसली तेव्हा पृथ्वीवर डायनासोर फिरत होते! आघाताने उडालेला चुरा शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडला, तेच हे पट्टे. जुन्या विवरांचे पट्टे सौरवारा (सूर्याकडून सतत येणारे कण) आणि बारीक उल्कांच्या माऱ्याने काळवंडून गेलेत, याचे अजून टिकून आहेत.

मधोमध सुमारे दोन किलोमीटर उंच शिखर आहे. धडकेनंतर दबलेला खडक उसळून वर आला आणि तसाच राहिला. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाच्या फोटोत त्याच्या माथ्यावर १०० मीटरहून मोठा एकच धोंडा बसलेला दिसतो. तो फोटो जरूर बघा.

पट्टे पौर्णिमेला साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. विवराचा काठ आणि शिखराची सावली बघायची असेल तर मात्र शुद्ध अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी बघा.