कबड्डीच्या मैदानावरील दुखापत: हमीपत्र, दोन तासांचा विलंब आणि भरपाईचा दावा

प्रश्न: आम्ही सांगली जिल्ह्यातील शेतकरी आहोत. माझा मुलगा (वय १९) बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या कबड्डी संघात खेळत होता. सात महिन्यांपूर्वी दुसऱ्या महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामना होता. त्यात चढाई करताना तिघांनी त्याची पकड केली आणि तो मानेवर आपटला. मैदानावर डॉक्टर, स्ट्रेचर, रुग्णवाहिका यांपैकी काहीच नव्हते. मुलांनी हातपाय धरून त्याला मंडपात नेले आणि बऱ्याच वेळाने जीपमध्ये बसवून रुग्णालयात हलवले. पहिल्या खासगी रुग्णालयाने आधी ५० हजार भरा असे सांगून त्याला तपासलेही नाही. दुसऱ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन तास गेले. मैदानावर तो पाय हलवत होता असे मित्र सांगतात, आज मात्र त्याला उभे राहता येत नाही. केसपेपरवर ‘जिन्यावरून पडला’ अशी नोंद आहे. आमचे महाविद्यालय म्हणते, तुम्ही हमीपत्रावर सही केली आहे. यजमान महाविद्यालय म्हणते, आम्ही फक्त मैदान दिले. आता विद्यार्थी कल्याण निधीतून ५० हजार रुपये देतो, पण तक्रार नाही असे लिहून द्या, असा आग्रह चालला आहे. आम्ही काय करावे? पकड करणाऱ्या मुलांवर गुन्हा दाखल करता येईल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकीचे पाऊल पडले तर बाकीचा दावाही कमकुवत होईल. पकड करणाऱ्या मुलांविरुद्ध तक्रार करू नका. अठरा वर्षांवरील व्यक्ती स्वतःहून खेळात उतरते, तेव्हा नियमांत राहून खेळताना होणारी इजा तिने पत्करलेली असते, हे तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ८७ मध्येही ते होते आणि त्याखाली दिलेले उदाहरण गंमत म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचेच आहे. पंचांनी त्या पकडीला नियमबाह्य ठरवले नसेल, तर त्या तिघांनी काही गुन्हा केला असे म्हणता येणार नाही.

मात्र हेच तत्त्व महाविद्यालयाच्या बचावाची मर्यादाही ठरवते. आपल्या मुलाने पकडीचा धोका पत्करला होता. मान दुखावलेल्या खेळाडूला हातपाय धरून उचलले जाईल, जीपमध्ये बसवून नेले जाईल आणि उपचारांविना दोन तास जातील, हा धोका त्याने पत्करला नव्हता. म्हणून आपला दावा पकडीवर न बांधता तो मानेवर आपटल्यापासून दुसऱ्या रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या दोन तासांवर बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हमीपत्राविषयी. आपला मुलगा सज्ञान आहे आणि आपल्या वर्णनावरून कागदावर सही आपली आहे. सज्ञान माणसाचा भरपाईचा हक्क त्याच्या वडिलांच्या सहीने सोडून देता येत नाही. त्याचीही सही असेल, तरी ‘कोणत्याही दुर्घटनेस महाविद्यालय जबाबदार राहणार नाही’ या छापील वाक्याचा अर्थ खेळातील स्वाभाविक धोक्यांपुरताच घेतला जावा आणि स्वतःच्या हयगयीतून सुटका करून घेणारे कलम करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार लोकधोरणाविरुद्ध ठरते, असा युक्तिवाद करण्यास भरपूर जागा आहे. (अकरावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत प्रश्न आणखी सोपा आहे, कारण अज्ञानाला (अठरा वर्षांखालील व्यक्तीला) करारच करता येत नाही.) हमीपत्राची प्रत मात्र मागून घ्या. बहुतेक पालकांनी सही करताना ते वाचलेले नसते आणि नंतर त्यांना ते पाहायलाही मिळत नाही.

विद्यार्थ्यांना आपल्या देखरेखीखाली बाहेर नेणारी संस्था कर्मचाऱ्यांच्या हयगयीला उत्तरदायी असते, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आहेत. १९९५ साली पठाणकोटच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली असताना १४ मुले बुडाली. त्या प्रकरणी प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई २००१ साली कायम झाली. आपल्याला त्याहून जवळचे प्रकरण बंगळूरचे आहे. उत्तर भारताच्या सहलीत नववीतील एक विद्यार्थिनी आजारी पडली, शिक्षकांनी तिला वेळेवर उपचार मिळवून दिले नाहीत आणि मेंदूज्वराने ती कायमची अंथरुणाला खिळली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कमी केलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा ८८ लाख ७३ हजारांवर नेली. तिथेही आजार शाळेने दिलेला नव्हता, प्रश्न उपचारांतील विलंबाचाच होता.

ते प्रकरण ग्राहक आयोगातून आले, म्हणून आपणही तिकडेच धाव घ्यावी असे वाटेल. पण २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने शैक्षणिक संस्था, त्यांच्या सहली, पोहणे आणि खेळ यांसह, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे ठरवले आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाला. बंगळूरच्या निकालात वाद रकमेचा होता, या मुद्द्याचा नव्हता. अशा अनिश्चिततेत वर्षे घालवण्यापेक्षा दिवाणी न्यायालयात दावा लावणे शहाणपणाचे आहे. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रिट याचिकेचा (थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याचा) मार्ग सांगलीकरांना जवळचा वाटतो, परंतु वस्तुस्थितीच वादग्रस्त असेल तर उच्च न्यायालय बहुधा दिवाणी न्यायालयाकडेच बोट दाखवते.

दाव्यात वादी आपला मुलगा राहील, खर्च आपण केला असल्याने आपण सहवादी व्हावे, आणि दोन्ही महाविद्यालयांच्या संस्थांसोबत स्पर्धा विद्यापीठाच्या कार्यक्रमातील असल्यास विद्यापीठालाही प्रतिवादी करावे. ‘फक्त मैदान दिले’ हा यजमानांचा बचाव निमंत्रणपत्रिका आणि स्पर्धेचे परिपत्रक हाती आले की किती टिकतो ते दिसेल. वैयक्तिक इजेच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे आहे. तरीही काही कायद्यांच्या आडोशाने एक वर्षाची मुदत पुढे केली जाऊ शकते, म्हणून वर्ष पुरे होण्याआधीच दावा दाखल करा. यांतील एखादे महाविद्यालय शासकीय असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, तो हिशेबही आताच करा. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

या दाव्याचा खरा कस पुराव्यावर लागेल. मूळ आघातानेच पाय गेले, उचलण्याचा किंवा विलंबाचा त्याच्याशी संबंध नाही, असे प्रतिवादी हमखास म्हणतील. त्याला उत्तर एकच, मैदानावर पाय हलत होते आणि रुग्णालयात दाखल होताना हलत नव्हते हे सिद्ध करणे. मित्रांचे जबाब, कोणी मोबाइलवर सामना चित्रित केला असेल तर ते चित्रण, आणि दाखल करतानाच्या पहिल्या तपासणीत हातापायांच्या ताकदीची झालेली नोंद, या तिन्ही गोष्टी एकत्र आणून मेंदू व मज्जारज्जू तज्ज्ञाचे लेखी मत घ्या. चित्रण ज्या मोबाइलवर झाले तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते आणि नुसते व्हॉट्सॲपवर आलेले चित्रण पुरेसे ठरेलच असे नाही. रुग्णालयाकडे कागदपत्रांची लेखी मागणी केल्यास वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत मिळाली पाहिजेत. ‘आम्ही १०८ ला फोन केला होता’ असे महाविद्यालय म्हणू शकते, म्हणून त्या दिवशीच्या कॉलची वेळ माहिती अधिकारात आरोग्य विभागाकडून मागवून ठेवा. शासकीय अनुदानावर भरीव प्रमाणात चालणारी महाविद्यालयेही माहिती अधिकाराखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा सामन्याचे गुणपत्रक, पंचांचा अहवाल आणि प्रथमोपचारावरील खर्चाची नोंद तेथूनही मिळू शकते.

‘जिन्यावरून पडला’ ही नोंद गंभीर आहे. पोलीस केस नको म्हणून सोबतचे लोक असे काहीतरी सांगून टाकतात आणि पुढे तीच नोंद विमा कंपनी व प्रतिवादी आपल्यासमोर धरतात. मूळ नोंदीवर खाडाखोड करून घेऊ नका. सामना कुठे व केव्हा झाला, सोबत कोण होते आणि माहिती कोणी दिली, हे लिहून रुग्णालयाला अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि मुलाचा जबाब पोलीस ठाण्यात नोंदवा. संस्थांच्या हयगयीबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ (हयगयीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणे) लागू होईल का, हे तपासाअंती ठरेल. भरपाई लवकर मिळावी म्हणून फौजदारी तक्रारीचा धाक दाखवू नये.

अनामत मागून तपासणी नाकारणाऱ्या रुग्णालयाची बाब वेगळी आहे. तातडीच्या रुग्णावर प्राथमिक उपचार करणे सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हे १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले बंधन आहे. तेथील डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि रुग्णालयाविरुद्ध महापालिका हद्दीत आरोग्य विभागाकडे, अन्यत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा.

शुल्काच्या पावतीत विद्यार्थी विम्याची रक्कम दिसत असेल, तर दावा अर्ज आजच द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०११ च्या परिपत्रकात सांगितले होते.

राहिले ते ५० हजार. गरज असेल तर जरूर घ्या, पण धनादेशाने किंवा बँक खात्यातच घ्या आणि पावतीवर ‘वैद्यकीय खर्चापोटी अंशतः, पुढील सर्व हक्क राखून’ असे लिहून मुलाची सही करा. ‘पूर्ण व अंतिम’ किंवा ‘तक्रार नाही’ हे शब्द असलेल्या कागदावर आपणही सही करू नका आणि त्यालाही करू देऊ नका. तशा पावतीवर रक्कम देण्यास ते तयार नसतील, तर तो नकार त्यांच्याकडून लेखी मागा आणि वकिलामार्फत दोन्ही महाविद्यालयांना आणि लागू असल्यास विद्यापीठाला नोटीस पाठवा.