बाईंना विचारा : पिरिऑडिक टेबल पाठ का होत नाही?

माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. ट्यूशनच्या सरांनी ११८ मूलद्रव्यं क्रमाने पाठ करायला सांगितलीत. रोज सकाळी म्हणते, कॅल्शियमपर्यंत येते आणि अडकते. पाठांतराची एखादी युक्ती सांगाल का? – एक आई, डिचोली

युक्ती सांगते, पण पाठांतराची नाही. फोंडा तालुक्यात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि मलाही ११८ नावं ओळीने येत नाहीत. कॅल्शियमपर्यंतची वीस येतात, म्हणजे तुमच्या लेकीइतकीच. पुढचं लागलं की तक्त्यात बघते. तो भिंतीवर टांगतात कशाला मग?

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बघा. १७ तारखेला घरात हुमण (माशांची आमटी) होणार का, असं मी विचारलं तर तुम्ही त्या १७ कडे बघून सांगणार नाही. वार बघाल. सोमवार असला तर शिवराक, म्हणजे शाकाहारी, प्रश्न मिटला. आवर्तसारणीचं तसंच आहे. प्रत्येक घरातला अणुअंक ही तारीख. अणूच्या केंद्रात प्रोटॉन किती, ते तो सांगतो. उभा रकाना म्हणजे गण, तो वार. आडवी ओळ म्हणजे आवर्त, तो आठवडा. आपल्याकडच्या पुष्कळ कॅलेंडरांत वार डाव्या बाजूला असतात, इथे ते डोक्यावर आहेत असं धरा. एकूण वार १८, आठवडे ७. आठवडे मात्र सारखे नाहीत : २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. मुलीला बेरीज करायला सांगा, ११८ येते. खाली जे दोन लांबट पट्टे वेगळे छापतात ते परिशिष्ट नव्हे. त्यांची खरी जागा सहाव्या आणि सातव्या ओळीच्या पोटात आहे. तिथे घातले तर तक्ता ३२ रकाने रुंद होतो आणि पुस्तकाच्या पानात मावत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

आता वार म्हणजे नेमकं काय? अणूच्या सगळ्यांत बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते. लिथियमची मांडणी २, १. सोडियमची २, ८, १. पोटॅशियमची २, ८, ८, १. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन आणि तो देऊन टाकायची घाई. म्हणून तिघं एकाखाली एक.

हे मी फळ्यावर कमी आणि काचेच्या परातीत जास्त शिकवलं. परातीत पाणी, पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे अल्कली लागली की गुलाबी होणाऱ्या द्रवाचे, चार थेंब. लिथियमचा तुकडा टाकला की तो तरंगत शांतपणे फसफसायचा आणि मागे गुलाबी रेघ सोडायचा. सोडियम रॉकेलच्या बाटलीतून काढून चाकूने कापावं लागतं. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकते आणि बघता बघता मळते. तो पाण्यात पडला की वितळून गोळी होऊन परातभर सैरावैरा पळायचा. पोटॅशियम तर पाण्याला लागताच जांभळट ज्योत घेऊन पेटायचं. मग मी तक्त्यावर बोट ठेवून विचारायचे, "त्याच्या खाली रुबिडियम आहे. ते टाकलं तर?" एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, आधी आम्हाला बाहेर जाऊं दी." त्या मुलाने रुबिडियम जन्मात पाहिलं नव्हतं. पाठांतरातही तो यथातथाच होता. पण तक्ता त्याला वाचता आला होता.

तुमच्या लेकीला पहिली वीस येतात ना? मग आता तिला उभे रकाने बघू द्या. पहिला, दुसरा, सतरावा आणि अठरावा नीट कळले की निम्मं काम झालं. डावीकडे आणि खाली जावं तसा धातूपणा वाढतो. उजवीकडे आणि वर जावं तसा अधातूपणा वाढतो. मधल्या पायरीसारख्या रेषेवर सिलिकॉन-जर्मेनियमसारखे दोन्ही डगरींवर पाय ठेवणारे बसतात. ट्यूशनच्या सरांना माझं नाव सांगू नका.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी तक्त्यात जागा सोडल्या आणि ती पुढे सापडली, असं सांगतात. मग यात आणि ज्योतिषात फरक काय? – निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव

प्रश्न खवचट आहे, म्हणून आवडला.

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, तिला केवणीच्या दोऱ्यांनी नारळ, सुपारीचा कातरा, तोरिंजन, आंबाडे, चिबूड असं एकेक बांधत जायचं. आमचे काका कांगलांची जागा मोकळी ठेवायचे. कांगलां रानातून यायची असत, पण म्हणून तिथे दुसरं काही बांधू द्यायचे नाहीत. मेंडेलीव्हने १८६९ साली हेच केलं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं ठाऊक होती. गुणधर्म जुळणारी एकाखाली एक आणायची तर ॲल्युमिनियमच्या खाली बसणारं कुणी हाताशी नव्हतं. दुसऱ्या कुणाला तिथे कोंबण्याऐवजी त्याने जागा सोडली आणि तिला नाव दिलं 'एक-ॲल्युमिनियम'. हा 'एक' संस्कृतातला, आपलाच.

फरक यापुढे आहे. ज्योतिषी 'धनलाभ संभवतो' म्हणतो, रक्कम सांगत नाही. मेंडेलीव्हने रक्कम सांगितली : अणुभार ६८च्या आसपास, घनता ५.९, धातू सहज वितळणारा. १८७५ साली फ्रान्समध्ये ल्कॉक द ब्वाबोद्रां याला जस्ताच्या खनिजात नवा धातू सापडला, तो गॅलियम. त्याने घनता मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्हने कळवलं की तुमचा नमुना शुद्ध नसावा. धातू ज्याने डोळ्यांनी पाहिला त्याला, ज्याने पाहिलाच नाही तो सांगतोय की मोजमाप चुकलं! नमुना पुन्हा शुद्ध करून मोजला, तर ५.९. पुढे १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडलं, त्याचीच भाकितं होती ती.

आणि तो चुकलाही. उतारवयात त्याने हायड्रोजनहून हलक्या मूलद्रव्यांसाठी जागा कल्पिल्या होत्या. तिथे कुणीच आलं नाही. पण आकडे देऊन बोलला होता, म्हणून चूक धरता आली. ज्योतिषाची चूक कधी धरून दाखवलीत?

जाता जाता. एका जुन्या विद्यार्थ्याने मला गॅलियमची छोटी प्लास्टिकची कुपी आणून दिली आहे. ते २९.८ अंशांना वितळतं. युरोपातल्या पुस्तकांत 'तळहातावर वितळणारा धातू' म्हणून त्याचं कौतुक असतं. आमच्याकडे मे महिन्यात तळहात कशाला, कपाटात ठेवलं तरी पाणी होतं. शिवाय एकदा पातळ झालं की रात्री गारवा आला तरी लवकर थिजत नाही. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवावं लागतं, आणि दर उन्हाळ्यात घरात विचारणा होते की हे काय आहे.

बाई, टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९. मग जड टेल्युरियम आधी आणि हलकं आयोडीन नंतर कसं? पुस्तकात छपाईची चूक आहे का? – अकरावीची विद्यार्थिनी, साखळी

चूक नाही, आणि तुझ्या नजरेला हे पडलं याचंच मला अप्रूप वाटलं. मेंडेलीव्ह अणुभाराने रांग लावत होता, पण इथे त्याने गुणधर्मांना मान दिला. आयोडीन हे क्लोरीन-ब्रोमीनच्या कुळातलं आहे हे त्याला दिसत होतं. टेल्युरियमचा अणुभार मोजण्यात घोळ झाला असणार, असं त्याने धरलं. घोळ नव्हता. खरं कारण १९१३ साली हेन्री मोझलीने एक्स-किरणांच्या प्रयोगांतून दाखवलं : रांग वजनाने नाही, केंद्रातल्या प्रोटॉनच्या संख्येने लागते. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. टेल्युरियमच्या अणूंत न्यूट्रॉन (केंद्रातले विद्युतभार नसलेले कण) सरासरीने जास्त, म्हणून ते भारी पडतं. आर्गॉन-पोटॅशियम आणि कोबाल्ट-निकेल या जोड्याही तपासून बघ, तिथेही हीच गंमत सापडेल.

मोझली १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

विजयदुर्गच्या सहलीत गाइडने 'साहेबाचे कट्टे' दाखवले आणि सांगितलं की १८६८ च्या ग्रहणात लॉकियरसाहेबाने इथून हेलियम शोधला. मग मेंडेलीव्हच्या १८६९ च्या तक्त्यात हेलियम का नाही? – एक वाचक, पेडणे

गाइडची गोष्ट अर्धी खरी आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसलं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या वेळी गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, त्याला तेजस्वी रेषा दिसल्या. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वर्षी विजयदुर्गला नव्हताच. तो इंग्लंडात होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याने ग्रहणाशिवायच त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ होती, पण जुळत नव्हती. ती कुणा अनोळखी मूलद्रव्याची, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. लॉकियर विजयदुर्गला आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, जवळजवळ तीस वर्षांनी. लोकांनी दोन ग्रहणांची एक गोष्ट केली. किल्ला बघायचा सोडू नका, गाइडला मात्र तारीख सांगा.

आता तक्त्याचं. सूर्यातली एक पिवळी रेष, बाकी हातात काही नाही. अणुभार ठाऊक नाही, कुणाशी संयोग पावतो ते ठाऊक नाही, तर बसवणार कुठे? आणि नुसतं घर नव्हे, ज्या रकान्यात ते बसायचं तो अख्खा रकानाच १८६९ साली नव्हता. १८९४ साली रॅली आणि रॅम्झी यांना हवेत आर्गॉन सापडला, तो कुणाशीच संयोग पावेना. मेंडेलीव्हला तो आधी पटलाच नाही. तीन नायट्रोजन एकत्र आले असतील, असं तो म्हणत होता. १८९५ साली रॅम्झीने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेष पाहिली आणि हेलियम पृथ्वीवर उतरला. लॉकियर विजयदुर्गला आला त्याच वर्षी रॅम्झीने निऑन, क्रिप्टॉन, झेनॉनही हुडकले. मग तक्त्याच्या कडेला एक नवा रकाना जोडला, राजवायूंचा. जुनं एकही घर मोडावं लागलं नाही. मला विचाराल तर हा तक्त्याचा गॅलियमपेक्षा मोठा विजय.

लोखंडाला एफई, सोडियमला एनए. इंग्रजी नावाशी मेळ का नाही? – म्हार्दोळ

लॅटिन नावं आहेत ती : फेरम, नॅट्रियम. माझे वडील पणजीच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकले. त्यांना लोखंड 'फेर्रु', तांबं 'कोब्री', सोनं 'ओरु', त्यामुळे ही चिन्हं त्यांना आमच्यापेक्षा सोपी जायची. नायट्रोजनला मात्र मरेपर्यंत 'अझोतु' म्हणत. टंगस्टनचं डब्ल्यू हे वुल्फ्रामचं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगालने हाच वुल्फ्राम दोन्ही बाजूंना विकला. चिन्ह एकच असल्याने बिलात घोटाळा झाला नसावा.

यजमानांना ब्लडप्रेशर आहे, किडनीचीही तक्रार आहे. दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं ते द्यावं की आगरातलं (मिठागरातलं) गावठी मीठ बरं? – म्हापसा

आधी महत्त्वाचं : डॉक्टरांना विचारल्याशिवाय 'लो सोडियम' मीठ देऊ नका. पाकिटाच्या मागे बघा, त्यात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असेल. सोडियमच्या जागी पोटॅशियम का घातलं? तक्त्यात ते बरोबर खालच्या घरात आहे. बाहेर एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनशी तसाच जोड, चवही खारट, फक्त मागून जरा कडवट. जिभेला सहसा चकवा बसतो. शरीराला बसत नाही. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं, सोडियम बाहेर, आणि त्या फरकावर हृदयाचे ठोके चालतात. जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. तीच थकलेली असली तर ते रक्तात साठतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. एका वारातल्या दोन तारखा म्हणजे एकच दिवस नव्हे.

आगरातलं मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे ब्लडप्रेशरसाठी त्यात सूट नाही. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं ते मात्र मुख्यतः सोडियममुळे नाही. समुद्राच्या पाण्यातून थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही येतं, हवेतला ओलावा ते ओढून घेतं. मॅग्नेशियम कुठे राहतं? सोडियमच्या उजव्या बाजूला, भिंतीला भिंत लावून. शिवाय आगरातल्या मिठात वरून आयोडीन घातलेलं नसतं. मी ते तोरांच्या (कैऱ्यांच्या) लोणच्याला आणि सुंगटं (कोळंबी) धुवायला ठेवते. जेवणात पाकिटातलं, आणि तेही तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच.