जुन्या मोठ्या व्ही-ट्विनचा सेल्फ गरम झाल्यावर अडकतो. मोठी बॅटरी टाकू की सेल्फची मोटर बदलू?

आत्ताच दोन्हीपैकी काही घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी 1982ची यामाहा विरागो 750 आहे, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेली व्ही-ट्विन, सकाळी सेल्फ बरा निघतो, पण तासभर चालवून पेट्रोलला थांबलं की इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या आणि आता मिस्त्री म्हणतोय की मोटर बदला. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि हाच त्रास मी दोन उन्हाळे काढलाय. सोलापुरात सेल्फ-डायनामो आणि मोटरींच्या दुरुस्तीचं माझं काम आहे, त्यामुळे जे सांगतोय ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी या इंजिनाचं दुखणं समजून घ्या. 748 सीसीमध्ये दोनच सिलिंडर, म्हणजे एकेक पावणेचारशेचा. चार सिलिंडरच्या गाडीत कॉम्प्रेशन लहान लहान हप्त्यांत येतं. इथं सेल्फला एकदम मोठा चढ चढावा लागतो, आणि तो चढला नाही तर मोटर जागेवर थांबते. थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते आणि तापते. आमच्याकडे यंत्रमागवाल्यांना हे सांगावं लागत नाही. लाइट कमी दाबानं आली की मागाची मोटर गुरगुरते, फिरत नाही आणि वायंडिंग जळतं. सेल्फची मोटर डीसी असते, पण अडकून तापण्याचा प्रकार तोच.

मोठ्या व्ही-ट्विनचा सेल्फ म्हणजे शंभर-दीडशे अँपिअरचा मामला. हार्ले-डेव्हिडसननं 1965 साली आपल्या इलेक्ट्रा ग्लाइड या व्ही-ट्विन गाडीला सेल्फचं बटण दिलं, त्याच वेळी गाडीची वायरिंग 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर नेली. तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो आणि वायरीत जाणारी नासाडी चौथ्या हिश्श्यावर येते. तुमच्या गाडीत ही नासाडी नेमकी कुठं होतेय, ते शोधायचंय.

त्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो, पण ओहमवर किंवा बीपवर लावू नका. ओहमच्या शंभराव्या हिश्श्याचे हिशेब त्यात दिसत नाहीत. शंभर तारांपैकी पाचच शिल्लक असल्या तरी बीप वाजतोच. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. इग्निशन कॉइलकडे जाणारे कपलर काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. गाडी आधी चांगली गरम करून घ्या, कारण तुमचा दोष गरम असतानाचा आहे. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर आणि काळं टोक सेल्फच्या बोल्टवर. टोक क्लॅम्पवर नको, खुंटीवरच धरा. कुणाला तरी तीन सेकंद बटण दाबायला सांगा आणि आकडा बघा. तो त्या वाटेवर वाया जाणारा व्होल्ट. दुसऱ्या वेळी एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर. प्रत्येक वेळी मध्ये मिनिटभर थांबा. प्लसच्या वाटेवर, रिले (बटण दाबल्यावर सेल्फला करंट जोडणारा स्विच) धरून, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. अर्थच्या, म्हणजे मायनसच्या वाटेवर आकडा 0.2च्या वर गेला की काम निघालं समजा.

माझ्या गाडीचे आकडे असे होते. बसल्या जागी बॅटरी 12.7. बटण दाबल्यावर खुंट्यांवर 10.6, म्हणजे बॅटरी ठणठणीत. प्लसच्या वाटेत 0.9 गेले आणि अर्थमध्ये 1.6. सेल्फला मिळत होते फक्त 8.1. अशा व्होल्टेजवर मी कितीही मोठी बॅटरी टाकली असती तरी मधली चाळण तशीच राहिली असती.

अर्थची वायर काढून थिंबलजवळ (वायरीच्या टोकाला बोल्टसाठी असलेली धातूची कडी) ब्लेडनं कव्हर चिरलं. आतली तार काळी पडलेली, बोटानं चोळली की हिरवी भुकटी हातात. वाकवली तर निम्म्याहून जास्त तारा थिंबलच्या तोंडाशी तुटून आल्या. वरून कव्हर अगदी शाबूत होतं. दुसरं टोक इंजिनावर जिथं बसतं तिथं कोणीतरी पूर्वी इंजिन रंगवलं होतं आणि थिंबल त्या रंगावरच आवळलेलं होतं.

नवी केबल घेताना डोळे उघडे ठेवा. 25 स्क्वेअर एमएमची तांब्याची मऊ वेल्डिंग केबल उत्तम. जागा अडचणीची असेल तर 16ची. बाजारात ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबल स्वस्तात मिळते आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेलीही मिळते. मला पहिल्या खेपेला तीच मिळाली होती. एक तार काढून पक्कडीनं तोडा आणि टोक बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. थिंबल हातोडीनं ठोकून बसवू नका, डायच्या क्रिंपिंग मशीनवर दाबून घ्या. मायनस थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर न्या. खालचा रंग पॉलिश पेपरनं धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. हे करून, जुना रिले बदलल्यावर, माझ्याकडे प्लसमध्ये 0.2 आणि अर्थमध्ये 0.1 राहिले. बॅटरीवर 10.6च्या जागी 10.3 दिसू लागले, कारण मोटरला आता खरा करंट मिळत होता. सेल्फवर पूर्ण 10 पोचले. मे महिन्यात, 42 अंशांत, तुळजापूरहून परत येऊन घाटाखाली थांबलो आणि बटणावर गाडी निघाली, तेव्हा मी तिथंच दोनदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहिली.

गरम झाल्यावरच का, हे तुम्ही विचारलंय. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 25 अंशांवरची मोटर इंजिनाच्या कडेला बसून 100ला पोचली की वायंडिंगचा विरोध जवळपास 30 टक्के चढतो. सकाळी जेमतेम पुरणारे 8 व्होल्ट तेव्हा अपुरे पडतात. दोष सकाळीही असतोच.

आणखी एक खूण तपासा. बटण सोडताक्षणी इंजिन पकडतं का? तसं होत असेल तर सेल्फ फिरत असताना व्होल्टेज इतकं खाली जातंय की इग्निशनला ठिणगी टाकता येत नाही, आणि बटण सुटलं की ती परत येते. याचंही औषध तेच. गरम गाडीला बटण दाबताना ॲक्सिलरेटर बंद ठेवा. सिलिंडर कमी भरतो आणि चढ थोडा सोपा होतो.

वायरी चोख होऊनही ओढत असेल तर मोटर उघडा. कार्बन (ब्रश) झिजलेत का, ते ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या कम्युटेटरच्या खाचांत काळी भुकटी साचलीय का, बुश सैल होऊन आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) बाजूला घासल्याच्या चकचकीत रेघा आहेत का, ते बघा. ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) आर्मेचर खराब दाखवल्याशिवाय कोणालाही रिवायंडिंग करू देऊ नका. मोटर घ्यायचीच झाली तर दोन कार्बनऐवजी चार कार्बनवाली बघा. विरागोवाले बरेच जण ती बसवतात, कारण करंट चार वाटांनी वाटला जातो. सेल्फ मारताना घर्रर्र असा दात घासल्याचा आवाज येत असेल तर ते मात्र वेगळं दुखणं. सुरुवातीच्या विरागोंत सेल्फचा गिअर पुढं सरकवणारी स्प्रिंग-क्लिप ढिली पडते. त्यासाठी साइड कव्हर उघडावं लागतं, केबलचा तिथं उपयोग नाही.

जुनी मोटो गुझी (इटालियन व्ही-ट्विन) असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथं सोलेनॉइडला (सेल्फचा गिअर पुढं ढकलणाऱ्या विद्युतचुंबकाला) सुरुवातीच्या क्षणी 40 अँपिअरच्या आसपास लागतात आणि ते चावीच्या स्विचमधून फिरून येतात. बॅटरीवरून फ्यूज घालून थेट एक रिले दिला की बटणाचा रुसवा जातो.

बॅटरीबद्दल शेवटी. खुंट्यांवरचे व्होल्ट बटण दाबल्यावर साडेनऊच्या खाली गेले तरच ती दोषी. आणि दोन बॅटऱ्या वर्षात गेल्यात, तर चार्जिंगही मोजा. 3000 आरपीएमला 14 ते 14.5 हवेत. तिथं 13 दिसले तर तिसरी बॅटरीही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही. आधी रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) आणि त्याचं कपलर बघा.