वाचकांचे प्रश्न : पेपर ‘खुला’ म्हणजे नेमका किती खुला?

मानसशास्त्रातला एक पेपर (शोधनिबंध) हवा आहे, पण प्रकाशकाच्या पानावर पैसे मागतात. सरळ मार्गाने फुकट मिळेल का?

बरेचदा मिळतो. गूगल स्कॉलरवर पेपरचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाका आणि निकालाखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघडून बघा. विद्यापीठाच्या भांडारात (ऑनलाइन साठ्यात) ठेवलेली प्रत तिथे सापडते. ब्राउझरला अनपेवॉलचं एक्स्टेंशन जोडलंत तर कायदेशीर फुकट प्रत असल्यास पेपरच्या पानावर हिरवं कुलूप दिसतं. मानसशास्त्रासाठी सायआर्काइव्ह, समाजशास्त्रासाठी सोशआर्काइव्ह, आरोग्य आणि पेशीविज्ञानासाठी पबमेड सेंट्रल, हे मोफत ऑनलाइन संग्रहही चाळा. पबमेड आणि पबमेड सेंट्रल यांत गल्लत मात्र करू नका. पहिल्यात मुख्यतः गोषवारे आहेत, दुसऱ्यात पूर्ण मजकूर.

कुठेच नाही मिळाला तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला डीओआयसह (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) दोन ओळींचा ईमेल करा. लेखक बहुधा आनंदाने पाठवतात. हाती आलेली प्रत कुठल्या टप्प्यावरची आहे हे बघूनच आकडे उद्धृत करा, कारण प्रीप्रिंटमधला, म्हणजे रिव्ह्यूआधीच्या प्रतीतला, तक्ता रिव्ह्यूनंतर (तज्ज्ञांच्या तपासणीनंतर) बदललेला असू शकतो.

माझा पेपर वर्गणीवाल्या जर्नलमध्ये आला आहे. त्याची पीडीएफ विभागाच्या वेबसाइटवर टाकू का?

जर्नलच्या मांडणीतली असेल तर सहसा नाही. एकाच पेपरच्या तीन आवृत्त्या असतात: रिव्ह्यूला पाठवण्याआधीची, रिव्ह्यूनंतर स्वीकारलेली आणि प्रकाशकाने मांडणी करून प्रसिद्ध केलेली. मधली आवृत्ती संस्थेच्या भांडारात ठेवायला अनेक प्रकाशक परवानगी देतात, कधी लगेच, कधी ठरावीक महिने थांबून. मुदत आणि अटी जर्नलच्या धोरणात आणि तुम्ही सही केलेल्या करारात असतात.

घोळ होतो तो फाइलचाच. वर्षभराने भांडारासाठी प्रत मागितली की हाताशी असतात ती प्रूफं, म्हणजे प्रकाशकाची मांडणी, आणि शेवटची वर्ड फाइल चार सहलेखकांच्या मेलबॉक्समध्ये कुठेतरी गडप. स्वीकृतीचा ईमेल आला त्याच दिवशी ती फाइल, आकृत्या आणि पुरवणी एका फोल्डरमध्ये ठेवा. पैसे कोणी दिले हेही तपासा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेच्या निधीवरचा पेपर खुला करायला २००८पासून १२ महिन्यांची सवलत होती, पण १ जुलै २०२५ किंवा त्यानंतर स्वीकारलेल्या पेपरची प्रत प्रसिद्धीच्या दिवशीच पबमेड सेंट्रलवर खुली व्हावी लागते.

पेशीविभाजनाची एक आकृती ओपन ॲक्सेस पेपरमधून घेऊन, नावं मराठीत करून पाठ्यपुस्तकात वापरायची आहे. चालेल ना?

फुकट वाचता येतं म्हणून उचलता येतं, असं नाही. २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात ओपन ॲक्सेसची जी व्याख्या आहे, तिच्यात वाचण्याबरोबर प्रत काढणं, वाटणं आणि वापरणंही येतं. पण प्रकाशकाने नुसतं कुलूप काढलेले, लायसन्सच नसलेले पेपरही पुष्कळ असतात. पहिल्या किंवा शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचा. ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन वापरायची मोकळीक देणारं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स) असेल तर श्रेय, लायसन्सची लिंक आणि ‘मराठी नावे दिली आहेत’ अशी नोंद पुरे. त्याला ‘एनसी’ (अव्यावसायिक वापरापुरतं) जोडलेलं असेल तर विक्रीच्या पुस्तकासाठी लेखी परवानगी घ्या. ‘एनडी’ (बदल न करता) असेल तर बदललेली आकृती प्रसिद्ध करता येत नाही, आणि नावांचं भाषांतर हाही बदलच. आकृतीखाली ‘अमुकच्या परवानगीने’ असं लिहिलेलं असेल तर पेपरचं लायसन्स तिला लागू नाही. परवानगी मूळ मालकाकडे मागा.

एका जर्नलने पेपर मागवला आहे, ‘सात दिवसांत रिव्ह्यू’ म्हणतात आणि शुल्कही आहे. फसवणूक असेल का?

शुल्क हा पुरावा नव्हे. चांगली जर्नल्सही घेतात, आणि एक पैसाही न घेणारी हजारो आहेत. सात दिवसांचा रिव्ह्यू मात्र खटकतो. २०१३मध्ये ‘सायन्स’ने मुद्दाम ढोबळ चुका ठेवलेला बनावट पेपर शुल्क घेणाऱ्या ३०४ जर्नलांना पाठवला होता, त्यांतल्या १५७ जणांनी तो स्वीकारला.

ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नका. डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या सूचीत जर्नल शोधा, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) त्याच्या अधिकृत पोर्टलवर पडताळा आणि तिथूनच वेबसाइटवर जा, कारण खऱ्या जर्नलचं नाव आणि क्रमांक चोरून उभारलेल्या नकली साइट असतात. त्यांचे जुने दोन-तीन पेपर डीओआयने उघडतात का बघा. संपादक मंडळातल्या एखाद्याच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख नसेल तर त्यालाच विचारा. पेपर सादर करण्याआधी शुल्काचा आकडा लेखी मिळत नसेल, तर नाद सोडा.

जर्नल डेटाही खुला करा म्हणतंय. आमच्याकडे सर्वेक्षणाचे प्रतिसाद आणि जनुकांची एक्सेल यादी आहे. काय सांभाळू?

आधी संमतीपत्र काढा. ‘माहिती फक्त आमच्या गटाकडे राहील’ असं त्यात लिहून सह्या घेतल्या असतील, तर प्रतिसाद खुले करता येणार नाहीत. पुढच्या वेळी ‘ओळख काढून इतर संशोधकांना दिली जाईल’ हे वाक्य नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या.

नावं खोडली म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. वय, व्यवसाय आणि गाव मिळून एखादाच माणूस उरतो. या स्तंभांचा एकत्र तक्ता करा आणि एक-दोन माणसांचेच गट उरले तर वयाचे टप्पे करा, गावाऐवजी जिल्हा ठेवा. मोकळ्या उत्तरांना सॉफ्टवेअर पुरत नाही. ती ओळ न् ओळ वाचावी लागतात, कारण ‘आमच्या सरपंचबाई’ एवढ्यावरूनही माणूस कळतो.

जनुकांच्या यादीत घात करतं ते एक्सेल. ‘सेप्ट२’ (SEPT2) हे जनुकाचं नाव त्याला २ सप्टेंबर वाटतं. ‘मार्क१’ (MARC1) आणि ‘मार्च१’ (MARCH1) ही दोन वेगळी जनुकं, पण दोघांची १ मार्च होते, आणि एकदा सेव्ह केलं की कुठली तारीख कोणाची हे ओळखता येत नाही. ‘२३१०००९ई१३’सारखा क्रमांक तर, ‘ई’ म्हणजे दहाचा घात समजून, २.३१ई+१९ होऊन बसतो. या त्रासापायी २०२०मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: सेप्ट२चं सेप्टिन२, मार्च१चं मार्चएफ१. जुन्या फाइलींत जुनीच नावं आहेत. म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली) फाइल डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून आयात करा आणि नावांचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवूनच आत घ्या.

शेवटी प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि रिकाम्या जागेचा संकेत सांगणारी साधी मजकूर फाइल जोडा आणि सगळं झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. तिथे डीओआय मिळतो. ‘प्रकाशित करा’ दाबण्याआधी एखाद्या सहकाऱ्याला फाइली उघडायला लावा, कारण चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवता येते, पण जुनी मनात येईल तेव्हा काढता येत नाही.