घर जळालेल्या कुटुंबासाठी निधी: क्यूआर टाकण्याआधी काय बघावं

तुम्ही विचारलंय की वाड्यावरच्या, म्हणजे तुमच्या वस्तीतल्या, एका कुटुंबाचं घर आगीत गेलं, तुम्ही चार जण मिळून पैसे गोळा करणार आहात, तर ग्रुपवर क्यूआर टाकला की पुरे का, की आणखी काही करावं लागतं.

पैसे येतील, त्याची काळजी करू नका. गोव्यात कुणाचं घर जळालं म्हटलं की माणसं हात आखडत नाहीत. पहिला आठवडाभर फोन वाजत राहतो, मग हळूहळू थांबतो. घर मात्र त्या आठवड्यात उभं राहत नाही. चिरे, वासे, सुतार यांची वेळ येते तेव्हा हातात काय उरलंय, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून पैसा कुणाच्या खात्यात येणार, कशासाठी राखून ठेवणार आणि आवाहन कधी बंद करणार, हे त्या घरच्या माणसांसोबत बसून आधी ठरवा. त्यात एक दिवस गेला तरी काही बिघडत नाही.

मी डिचोली तालुक्यातला. आमच्या वाड्यावर ऐन शिगम्यात एक जुनं मातीच्या भिंतींचं घर जळालं. माळ्यावर चुलीची लाकडं आणि नारळाची सोडणं भरलेली, वासे वर्षानुवर्षांच्या धुराने काळे होऊन सुकलेले. बंब येईपर्यंत कौलं तडतडत खाली आली होती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नेहमीप्रमाणे नुकसान किती आणि अग्निशामक दलाने किती लाखांची मालमत्ता 'वाचवली' तेही छापून आलं. वाचवलेल्यात नेमकं काय होतं ते त्या घरच्या वहिनीला अजून कळलेलं नाही. निधीचा हिशेब माझ्याकडे होता. खाली लिहिलंय ते बरंचसं त्यातून आलेलं आहे, काही पुढे चौकशी करून कळलं.

आधी खातं तपासा. घरच्या बाईचं जनधन खातं आहे म्हणून त्याचाच क्यूआर टाकला, असं सर्रास होतं. पण ते खातं पूर्ण केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) न करता उघडलेलं 'छोटं खातं' असेल, तर त्यात वर्षभरात एकूण १ लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते, शिल्लक ५० हजारांच्या वर चालत नाही आणि महिन्याला १० हजारच काढता येतात. आधार आगीत गेलं असलं तरी नंबर आणि आधारला जोडलेला मोबाईल असेल तर ई-आधार डाउनलोड होतं. ते घेऊन बँकेत जा, केवायसी पूर्ण करा आणि मगच क्यूआर फिरवा. पोस्टरवर क्यूआरच्या खाली खातेदाराचं नाव ठळक लिहा आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर तेच नाव दिसलं पाहिजे, हेही लिहा. पोस्टर पुढे-पुढे जाताना क्यूआर बदलणारे महाभाग असतात. खाली शेवटची तारीख टाका. तारीख नसलेलं आवाहन पुढच्या चवथीपर्यंत फिरत राहतं आणि लोक विचारतात, अजून पुरे झालं नाही का?

तुमच्या स्वतःच्या खात्यात घेऊ नका, मग तुमच्यावर सगळ्यांचा कितीही विश्वास असो. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात एकूण ५० हजारांपेक्षा जास्त आलं, तर आयकराच्या हिशेबात ती सगळी रक्कम ज्याला मिळाली त्याचं उत्पन्न धरली जाते. त्या कुटुंबाची बाकीची कमाई थोडी असेल तर कर बहुधा लागणार नाही, पण तुम्ही नोकरीवाले असाल तर उत्तरं देत बसाल. रोख देणाऱ्यांसाठी पावतीपुस्तक ठेवा, पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत भरा आणि भरणा-चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाका. पुढची निम्मी कुजबुज तिथेच मिटते.

एक गोष्ट सरळच लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही. घरात पिणारं माणूस असेल तर ते वाड्याला माहीत असतं आणि देणाराही दबक्या आवाजात तेच विचारतो. त्याची चर्चा ग्रुपवर होऊ देऊ नका. खातं बाईच्या नावावर ठेवा आणि छपरासाठीची रक्कम तिच्याच नावावर थोड्या दिवसांच्या मुदत ठेवीत टाका. आम्ही तसंच केलं. वरखर्चाला मोकळे पैसे वेगळे राहिले आणि कुणाची बेअब्रूही झाली नाही.

बाहेरगावच्या गोंयकारांचं वेगळं आहे. दुबई, मस्कतवाले बहुतेक भारतीय पासपोर्टवर असतात. त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ते परदेशी देणगीत मोडत नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलेला तुमचा वर्गमित्र कायद्याने परदेशी नागरिक आहे. त्याने गावच्या एखाद्या मंडळाच्या खात्यात पैसे टाकले आणि मंडळाची २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसेल, तर अडचण मंडळाची होते. मंडळाचं खातं द्यायचं झालं तर ही सूचना पोस्टरवरच टाका. त्याला म्हणावं, गावात तुझा भाऊ आहे, त्याला त्याच्या खिशातून द्यायला सांग.

सरकारी बाजू लोक फार हलकी घेतात. वाड्यावरची पोरं हौसेने आणि चांगल्या मनाने राख उपसायला धावतात. त्यांना थांबवा. तलाठ्याचा पंचनामा आणि सगळे फोटो झाल्याशिवाय एक कौलही हलवू नका. अग्निशामक केंद्रातून अहवाल मिळतो, त्यासाठी अर्ज करा. पंचनामा आणि तो अहवाल मामलेदार कचेरीत लागतो. आग ही सरकारी मदत मिळणाऱ्या आपत्तींच्या केंद्रीय यादीत आहे. २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार आणि कपड्यांसाठी व भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी अडीच हजार धरलेले होते. अडीच हजारांत भांडी काय येणार ते सोडा, पण हक्काचं सोडू नये. आग गॅसमुळे लागली असेल तर एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा. तेल कंपन्यांच्या विम्यात नोंदणीच्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत तरतूद असते आणि ग्राहकाला त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. ट्रंकेत जळालेल्या नोटा सापडल्या तर फेकू नका. कोळसा झालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसकडे द्याव्या लागतात.

आता कपडे. 'कपडे चालतील' असं ग्रुपवर एकदा जरी लिहिलंत तरी संपलं. आमच्याकडे शाळेच्या व्हरांड्यात गोण्यांची रास लागली. उघडून बघतो तर जरीची ब्लाऊजं, जोडीतला एकेकच बूट, लग्नातले सूट, चेन तुटलेल्या जीन्स. घरातली म्हातारी नऊवारी नेसणारी, तिच्या मापाचं एकही नाही. आठवीतल्या मुलीला युनिफॉर्म हवा होता, तो कुणाच्या गोणीत असणार? आणि आतले कपडे नवेच लागतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी ती रास परत वाटायला टेम्पो करावा लागला. त्यापेक्षा घरातल्या बाईसोबत बसा आणि ती सांगेल ते लिहून घ्या. आमच्या वहिनीने पहिल्यांदा सांगितलं ते खोबरं किसायची आडोळी आणि सासूचा चष्मा. एकेक वस्तू एकेका घराने उचलावी आणि उचलली की यादीत खूण करावी. यादी टाका, फोटो नको. जळक्या भिंतीचा फोटो चालेल, त्यापुढे रडणाऱ्या मुलांचा नको. ती मुलं उद्या त्याच शाळेत जाणार आहेत.

सर्वांत जास्त वेळ मात्र घर कुणाच्या नावावर आहे ते शोधण्यात गेला, आणि तुमचाही जाईल. जुनी घरं बहुतेक आजोबाच्या नावावर असतात, वारसांत तिघे मुंबईला, एक बोलत नाही. किंवा जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, असते आणि घर त्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचं. पुन्हा बांधायला पंचायतीत अर्ज करताना घरपट्टी, घर क्रमांक, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा हे मागितलं जातं आणि तिथे सह्यांवर गाडी अडते. लोकांनी दिलेले पैसे पडून राहतात आणि गाव म्हणतो, एवढे जमले तरी घर का नाही? म्हणून पैसे जमत असतानाच एका माणसाने फक्त कागदांमागे लागावं. पंचाला, म्हणजे पंचायतीच्या सदस्याला, सोबत घ्या. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, घर जळालं म्हणून त्याचा हक्क जळत नाही. भाटकाराशी मात्र गोडीने बोलायला गावातलं मोठं माणूस पाठवा, वकील नंतर. भावकीतला जो बोलत नाही त्याच्याकडेही एकदा जाऊन यावं. आगीनंतर माणसं नरम असतात, सही होऊन जाते. दोन महिन्यांनी होत नाही.

जमलेल्या पैशात आधी छप्पर करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की बाकीच्या कामांचा विचारही करता येत नाही आणि मेमध्ये सुतार हाताला लागत नाही, त्याला आत्ताच सांगून ठेवा. पुरी इमारत जमणार नसेल तर एक खोली आणि चूल एवढ्यावर पत्रे घाला. पैशाऐवजी माल देणारे खूप भेटतात, त्यांना नाही म्हणू नका. आमच्याकडे एकाने चिऱ्यांचा ट्रक उतरवला, दुसऱ्याने हार्डवेअरच्या दुकानात परस्पर सिमेंटचे पैसे भरले. त्यातला एक रुपयाही आमच्या हातातून गेला नाही, त्यामुळे हिशेबही सोपा झाला.

क्राउडफंडिंगच्या, म्हणजे इंटरनेटवर अनोळखी लोकांकडूनही निधी जमवणाऱ्या, साइट्सबद्दलही तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते त्या इस्पितळाच्या बिलाला बऱ्या. एका वाड्यावरच्या घरासाठी ओळखीतूनच पैसे येतात, मग मधल्याला कमिशन कशाला? भाजलेलं माणूस इस्पितळात असेल तर गोष्ट वेगळी.

आणि वायरिंगचे पैसे निधीत वेगळे धरा. त्यासाठी द्यायला कुणी उत्साहाने पुढे येत नाही, छपरावर आपले पत्रे दिसतात, भिंतीतली वायर दिसत नाही. तरी परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि ईएलसीबी (वीज गळाली की प्रवाह आपोआप तोडणारं उपकरण) बसवा. वीज खात्याकडे जोडणी मागताना त्याचा चाचणी अहवाल लागतोच.